अवटु ग्रंथीचा अतिरेक आणि हृदयाचे रक्षण

सन १८३५ मध्ये डब्लिन येथील रॉबर्ट ग्रेव्हज या वैद्यांनी लंडनच्या एका वैद्यकीय नियतकालिकात तीन स्त्रियांच्या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. तिघींचीही मुख्य तक्रार एकच होती : हृदयाची जोराची आणि दीर्घकाळ चालणारी धडधड. तपासणी करताना ग्रेव्हज यांच्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली. तिघींच्याही गळ्यातील अवटु ग्रंथी, म्हणजेच थायरॉइड, वाढलेली होती. पुढे १८४० मध्ये जर्मनीतील मेर्सेबुर्ग गावच्या कार्ल फोन बाझेडो यांनी वाढलेली ग्रंथी, हृदयाची धडधड आणि बाहेर आलेले डोळे अशी तीन लक्षणे एकत्र मांडली. त्यामुळे जर्मन भाषिक प्रदेशात हा विकार बाझेडो यांच्या नावाने ओळखला जातो, तर अन्यत्र त्याला ग्रेव्हज रोग असे म्हणतात.

हे रुग्ण वैद्याकडे जात ते गळ्यासाठी नव्हे, तर हृदयासाठी. गळ्यातील एका लहानशा ग्रंथीचा आणि छातीतील हृदयाचा संबंध काय असावा, हे सांगण्याची साधने ग्रेव्हज यांच्या काळात नव्हती. ‘हॉर्मोन’ हा शब्दच मुळी १९०५ मध्ये प्रचारात आला. या संबंधाचा उलगडा होण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली. त्यातून जी औषधे हाती आली, त्यांना बीटा-रोधक औषधे असे म्हणतात. ही औषधे अवटु ग्रंथीचा रोग बरा करीत नाहीत, तरीही त्या रोगाच्या उपचारात त्यांना महत्त्वाचे स्थान आहे. हे कसे, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

ग्रंथीचे कार्य

अवटु ग्रंथी गळ्याच्या पुढील भागात, स्वरयंत्राच्या किंचित खाली, श्वासनलिकेला बिलगून असते. पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा तिचा आकार असतो आणि प्रौढ माणसात तिचे वजन सुमारे २० ग्रॅम भरते. अन्नातून आणि मिठातून मिळणारे आयोडीन शोषून घेऊन ती दोन हॉर्मोने तयार करते. त्यांपैकी एकाच्या रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. त्याला थायरॉक्सिन किंवा टी-४ म्हणतात. दुसऱ्यात तीन अणू असतात. ते टी-३ होय. ग्रंथीतून मुख्यतः टी-४ बाहेर पडते. यकृत, मूत्रपिंड इत्यादी अवयवांत त्याचा एक अणू गळून पडतो आणि अधिक प्रभावी असे टी-३ तयार होते.

शरीरातील पेशींनी किती वेगाने काम करावे, किती इंधन जाळावे, किती उष्णता निर्माण करावी, हे या हॉर्मोनांवर अवलंबून असते. त्यांचे प्रमाण योग्य राहावे म्हणून मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी सतत लक्ष ठेवून असते. रक्तातील प्रमाण घटले की ती अवटु ग्रंथीला उत्तेजन देणारे हॉर्मोन अधिक सोडते आणि प्रमाण वाढले की हात आखडता घेते. ग्रेव्हज रोगात ही व्यवस्था कोलमडते. शरीराचे रक्षण करण्यासाठी असलेली प्रतिरक्षा यंत्रणा अशी प्रतिपिंडे तयार करू लागते, की जी पोष ग्रंथीच्या आज्ञेची नक्कल करतात. पोष ग्रंथी मौन धारण करते, परंतु या खोट्या आज्ञा थांबत नाहीत आणि अवटु ग्रंथी अहोरात्र हॉर्मोन निर्माण करीत राहते. हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये कितीतरी अधिक आढळतो. काही रुग्णांत, विशेषतः उतारवयात, ग्रंथीतील एखादी गाठच स्वतंत्रपणे हॉर्मोन तयार करू लागते आणि परिणाम तोच होतो.

भीतीची लक्षणे, पण भीती नाही

समजा, एखाद्या शाळेतील तीस-पस्तीस वर्षांच्या शिक्षिकेला हा विकार जडला आहे. फळ्यावर लिहिताना तिचा हात थरथरतो. जिना चढताना धाप लागते. भरपूर जेवूनही वजन घटत जाते. भर थंडीत तिला पंखा लागतो. रात्री अंथरुणावर पडल्यावर छातीतील ठोके कानात ऐकू येतात. स्वस्थ बसलेली असतानाही तिची नाडी मिनिटाला ११० किंवा १२० भरते. घरातील माणसे तिला चिडखोर म्हणू लागतात आणि तिलाही आपले मन कमकुवत झाले असे वाटू लागते. कित्येक रुग्णांचे पहिले काही महिने अशा गैरसमजातच जातात.

धडधड, कंप, घाम आणि बेचैनी ही सारी लक्षणे भ्यालेल्या माणसाची आहेत. संकट समोर उभे राहिले की अनुकंपी मज्जासंस्था जागी होते, अधिवृक्क ग्रंथीतून ॲड्रेनॅलीन रक्तात मिसळते आणि शरीर लढण्यास किंवा पळण्यास सज्ज होते. म्हणून अवटु ग्रंथीच्या अतिक्रियेत ॲड्रेनॅलीनचे प्रमाण वाढत असावे, असा तर्क करणे स्वाभाविक होते. परंतु प्रत्यक्ष मापन केल्यावर ते प्रमाण वाढलेले आढळले नाही; ते बहुधा सामान्य, तर कधी सामान्यापेक्षाही कमी असते.

मग लक्षणे का उद्भवतात? ॲड्रेनॅलीनचा संदेश स्वीकारण्यासाठी पेशींच्या पृष्ठभागावर विशिष्ट जागा असतात. त्यांना ग्राही म्हणतात. अवटु ग्रंथीच्या हॉर्मोनांमुळे हृदयाच्या स्नायूंतील या ग्राहींची संख्या वाढते. दारावर थाप पूर्वीइतकीच हळू पडते, पण आत ती ऐकणारे कान वाढलेले असतात. याखेरीज टी-३ हृदयाच्या पेशींत शिरून त्यांच्या केंद्रकावर प्रत्यक्ष परिणाम करते, तो वेगळाच. यावरून पुढील उपचाराच्या शक्यता आणि मर्यादा या दोन्ही गोष्टी स्पष्ट होतात. ग्राही झाकले तर हृदयाला बरीच विश्रांती मिळेल, परंतु हॉर्मोनाचा प्रत्यक्ष परिणाम तेवढ्याने पुसला जाणार नाही.

उपचारातील रिकामे आठवडे

अतिक्रियाशील ग्रंथीला आवर घालण्याचे तीन प्रमुख मार्ग आहेत. पहिला शस्त्रक्रियेचा. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील शल्यविशारद थिओडोर कोखर यांना अवटु ग्रंथीवरील कार्याबद्दल १९०९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरा मार्ग किरणोत्सर्गी आयोडीनचा. बॉस्टन येथे सॉल हर्ट्झ यांनी १९४१ मध्ये त्याचा पहिला उपचार केला. तिसरा मार्ग हॉर्मोनाची निर्मिती रोखणाऱ्या औषधांचा. अमेरिकेतील एडविन ॲस्टवुड यांनी १९४३ मध्ये थायोयुरॅसिल या औषधाचा उपयोग दाखवून दिला. आज भारतात वापरले जाणारे कार्बिमॅझोल हे त्याच परंपरेतील होय.

या तिन्ही मार्गांत एक समान अडचण आहे. कार्बिमॅझोल नव्या हॉर्मोनाची निर्मिती थांबवते, परंतु ग्रंथीत आधीच साठवलेला हॉर्मोन काही आठवडे पुरेल इतका असतो. शिवाय रक्तातील टी-४ निम्मे होण्यास सुमारे सात दिवस लागतात. धरणात येणारे पाणी अडवले तरी भरलेले धरण एका दिवसात रिते होत नाही. त्यामुळे हे औषध सुरू केल्यावर हॉर्मोनाचे प्रमाण पूर्वपदावर येण्यास साधारणतः चार ते आठ आठवडे लागतात. कित्येकदा त्याहूनही अधिक. किरणोत्सर्गी आयोडीनचा परिणाम दिसण्यास तर काही महिने जाऊ शकतात. आणि पूर्वतयारीवाचून केलेली शस्त्रक्रिया जीवावर बेतू शकते.

अशा रीतीने उपचार सुरू झालेला आहे, पण गुण आलेला नाही, असा काळ प्रत्येक रुग्णाच्या वाट्याला येतो. त्या काळात हृदय विनाखंड धावत असते. तरुण रुग्ण हे सहन करतो. परंतु वृद्धाच्या हृदयातील अलिंदांची लय बिघडू शकते, नाडी अनियमित होते, हृदय थकून निकामी होऊ लागते.

ही पोकळी भरून काढण्याचे प्रयत्न पूर्वीही झाले होते. त्यांतील एकाचा संबंध भारताशी आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये लेख लिहून सर्पगंधा या वनस्पतीचा रक्तदाबावरील गुण जगाच्या नजरेस आणला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्या मुळांतून रेसर्पीन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. अनुकंपी मज्जातंतूंच्या टोकाशी असलेला संदेशवाहक द्रव्यांचा साठा रेसर्पीनमुळे रिता होतो. म्हणून पुढील काही वर्षांत ते अवटु-अतिक्रियेच्या रुग्णांनाही देण्यात येऊ लागले. धडधड आणि कंप यांना त्याने उतार पडे. परंतु गुंगी, विषण्णता आणि रक्तदाब घसरणे हे दोषही त्यासोबत येत. संदेशच नाहीसा करण्यापेक्षा केवळ हृदयाच्या दाराशी तो अडवता आला तर अधिक बरे, हे उघड होते. पण त्यासाठी ते दार नेमके कोणते, हे आधी कळणे आवश्यक होते.

बीटा ग्राहींचा शोध

हे दार दाखवून दिले ते अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातील संशोधक रेमंड आल्क्विस्ट यांनी. ॲड्रेनॅलीन काही रक्तवाहिन्या आकुंचित करते, तर हृदयाचे ठोके वाढवते आणि श्वासवाहिन्या रुंद करते. एकच द्रव्य इतके भिन्न परिणाम कसे घडवते? ॲड्रेनॅलीनसारख्या अनेक द्रव्यांची तुलना करून आल्क्विस्ट यांनी १९४८ मध्ये असा निष्कर्ष काढला, की ग्राहीच दोन प्रकारचे असले पाहिजेत. त्यांना त्यांनी आल्फा आणि बीटा अशी नावे दिली. हृदयाचा वेग वाढवणारे ग्राही बीटा प्रकारचे होते. हा सिद्धांत बरीच वर्षे दुर्लक्षित राहिला.

त्याचे महत्त्व ओळखले स्कॉटलंडचे जेम्स ब्लॅक यांनी. हृदयाला रक्तपुरवठा कमी पडला की छातीत कळा येतात. हा पुरवठा वाढवण्याऐवजी हृदयाची गरजच कमी केली तर, असा विचार त्यांनी केला. १९५८ मध्ये ते एका मोठ्या ब्रिटिश रसायन कंपनीच्या औषध विभागात दाखल झाले. बीटा ग्राहीत जाऊन बसेल, पण त्याला चेतवणार नाही, असा रेणू त्यांना हवा होता. कुलपात बसणारी पण न फिरणारी किल्ली घातली की खरी किल्ली आत जाऊ शकत नाही, तसे हे आहे. १९६२ मध्ये प्रोनेथॅलॉल हे पहिले औषध पुढे आले. त्यामुळे उंदरांत गाठी उद्भवतात असे दिसून आल्याने ते मागे पडले. १९६४ मध्ये प्रोप्रॅनोलॉल आले आणि ते टिकले. १९८८ मध्ये ब्लॅक यांना गर्ट्रूड एलियन व जॉर्ज हिचिंग्ज यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक देण्यात आले.

हे औषध हृदयविकारासाठी शोधले गेले असले तरी अवटु ग्रंथीच्या रुग्णांना त्याचा लाभ होईल हे लगेच ध्यानात आले. १९६५ मध्येच ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश साप्ताहिकात अशा रुग्णांच्या जलद नाडीवर बीटा-रोधकाचा काय परिणाम होतो, याविषयी लेख प्रसिद्ध झाला. १९६९ मध्ये बेलफास्टमधील वैद्यांनी याच नियतकालिकात प्रोप्रॅनोलॉलच्या तुलनात्मक चाचणीचे निष्कर्ष मांडले. त्यानंतर हे औषध या रोगाच्या उपचारात रूढ झाले.

औषध काय करते, काय करत नाही

आता पुन्हा त्या शिक्षिकेकडे वळू या. रक्ततपासणीत तिचे टी-३ व टी-४ वाढलेले आणि पोष ग्रंथीचे उत्तेजक हॉर्मोन जवळजवळ नाहीसे झालेले आढळले. वैद्यांनी तिला कार्बिमॅझोल आणि प्रोप्रॅनोलॉल अशी दोन औषधे लिहून दिली. प्रोप्रॅनोलॉल सामान्यतः १० ते ४० मिलिग्रॅम, दिवसातून तीन ते चार वेळा दिले जाते. त्याऐवजी ॲटेनोलॉल दिल्यास दिवसातून एक-दोन वेळा पुरते. अवटु-अतिक्रियेत शरीर प्रोप्रॅनोलॉलचा निचरा अधिक वेगाने करते, म्हणून मात्रा कधीकधी वाढवावी लागते. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार लक्षणे जाणवणाऱ्या सर्व रुग्णांना बीटा-रोधक द्यावे, असे सुचवलेले आहे. वृद्ध, हृदयविकार असलेले आणि विश्रांतीच्या वेळीही नाडी ९० हून अधिक असलेले रुग्ण यांच्या बाबतीत तर ते विशेष आवश्यक मानले आहे.

एक-दोन दिवसांतच तिच्या छातीतील धडधड मंदावते. हाताचा कंप कमी होतो, घाम आटोक्यात येतो, झोप लागते. आठवड्याभरात ती फळ्यावर सरळ ओळ लिहू लागते. परंतु या वेळी तिच्या रक्ताची तपासणी केली, तर हॉर्मोनाचे प्रमाण जवळपास पूर्वीइतकेच आढळेल. मोठ्या मात्रेत प्रोप्रॅनोलॉल टी-४ चे टी-३ मध्ये होणारे रूपांतर थोडेफार कमी करते, हे खरे. पण हा परिणाम मर्यादित आणि सावकाश होणारा आहे. ग्रंथीची निर्मिती या औषधाने थांबत नाही. घटलेले वजन त्याने भरून येत नाही, वाढलेली ग्रंथी आकसत नाही, बाहेर आलेले डोळे मागे जात नाहीत. अतिरिक्त हॉर्मोनामुळे हाडांची आणि स्नायूंची जी झीज चालू असते, ती चालूच राहते.

येथेच खरा धोका संभवतो. बरे वाटू लागले म्हणून रुग्ण औषधे सोडतो. त्याने कार्बिमॅझोल सोडले आणि प्रोप्रॅनोलॉल तेवढे चालू ठेवले, तर रोग आत धुमसत राहतो, पण त्याची वर्दी देणारी लक्षणे मात्र दबलेली असतात. त्याने प्रोप्रॅनोलॉल एकाएकी बंद केले, तर अद्याप ओसंडून वाहणाऱ्या हॉर्मोनापुढे हृदय पुन्हा उघडे पडते आणि धडधड पूर्वीपेक्षाही जोराने उसळू शकते. ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झालेल्या आहेत, त्याच्या दृष्टीने हे विशेष घातक ठरते.

योग्य क्रम याच्या उलट आहे. कार्बिमॅझोलमुळे रक्तातील हॉर्मोन पूर्वपदावर आल्याचे तपासणीत दिसले, की बीटा-रोधकाची मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करून ते थांबवता येते. ग्रंथी ताळ्यावर येत असताना तीच मात्रा चालू राहिली, तर नाडी गरजेपेक्षा मंद होऊ शकते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. कार्बिमॅझोल मात्र त्यानंतरही बहुधा वर्ष-दीड वर्ष चालू ठेवावे लागते.

केवळ हेच औषध पुरेसे असते तेव्हा

काही वेळा बीटा-रोधक हाच मुख्य उपचार ठरतो. विषाणूच्या संसर्गानंतर अवटु ग्रंथीचा दाह होऊन ती दुखरी होते. तसाच, पण वेदनारहित दाह काही स्त्रियांना बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत होतो. या विकारांत ग्रंथी अधिक हॉर्मोन तयार करीत नसते. तिच्यातील साठा गळून रक्तात मिसळत असतो. निर्मितीच वाढलेली नसल्याने ती रोखणारे कार्बिमॅझोल येथे निरुपयोगी ठरते. साठा संपला की ही अवस्था काही आठवड्यांत आपोआप ओसरते. तोवर धडधड आणि कंप सुसह्य करण्याचे काम बीटा-रोधक करते. बाळंतिणीची धडधड आणि बेचैनी जागरणाच्या नावावर खपवली जाते. साध्या रक्ततपासणीने तिचे खरे कारण कळू शकते.

शस्त्रक्रियेच्या वेळीही या औषधाचा मोठा आधार असतो. ग्रंथी काढून टाकली तरी आधीच रक्तात मिसळलेले टी-४ तेथेच राहते. म्हणून ज्या रुग्णाला हॉर्मोन पूर्वपदावर येण्याआधीच शस्त्रक्रियेसाठी न्यावे लागते, त्याचे बीटा-रोधक शस्त्रक्रियेच्या दिवशीही न चुकता देतात आणि पुढे सुमारे आठवडाभर चालू ठेवतात.

याहून निकडीचा प्रसंग म्हणजे अवटु ग्रंथीचा झंझावात. जंतुसंसर्ग, शस्त्रक्रिया, प्रसूती किंवा औषधे अचानक सोडणे यांमुळे रुग्णाला तीव्र ताप येतो, तो बरळू लागतो, नाडी १४० च्याही पुढे जाते. आधुनिक उपचारांनंतरही काही रुग्ण यातून वाचत नाहीत. अशा वेळी रुग्णालयात हॉर्मोनाची निर्मिती रोखणारे औषध, त्यानंतर तासाभराने आयोडीन आणि यांच्या जोडीला बीटा-रोधक असा एकत्रित उपचार करावा लागतो.

सावधगिरी

बीटा ग्राही केवळ हृदयात नसतात, श्वासवाहिन्यांतही असतात आणि तेथे ते वाट मोकळी ठेवण्याचे काम करतात. प्रोप्रॅनोलॉल दोन्ही ठिकाणचे ग्राही झाकते. त्यामुळे दम्याच्या रुग्णाचा श्वास कोंडू शकतो, हे १९६४ मध्येच निदर्शनास आले होते. ॲटेनोलॉलसारखी औषधे मुख्यतः हृदयावर कार्य करतात. तरीही दमेकऱ्याच्या बाबतीत ती पूर्णतः निर्धोक नाहीत. मधुमेहाचे औषध घेणाऱ्यास रक्तातील साखर घसरल्याची सूचना धडधडीवरून मिळते. बीटा-रोधकामुळे ती सूचनाच दबते. नाडी मुळातच मंद असलेले आणि हृदय निकामी होऊ लागलेले रुग्ण यांना हे औषध देताना वैद्याला फार काळजी घ्यावी लागते. गर्भवती स्त्रीस ॲटेनोलॉल देणे टाळतात, कारण त्यामुळे गर्भाची वाढ खुंटू शकते. म्हणून शेजाऱ्याला गुण आला म्हणून हे औषध आपल्या मनाने घेणे सर्वथा अयोग्य होय.

ग्रेव्हज यांच्यापुढे आलेल्या त्या तीन स्त्रियांच्या धडधडणाऱ्या हृदयामुळेच त्यांच्या गळ्यातील रोगाकडे वैद्याचे लक्ष गेले. बीटा-रोधक औषधाने आज ते हृदय दोन दिवसांत शांत करता येते. हा लाभ लहान नाही. त्यामुळे रुग्णाला अन्न गोड लागते, झोप मिळते आणि मूळ उपचाराला आपले काम करण्यास अवधी मिळतो. मात्र हृदय शांत झाले की रोगाची वर्दी देणारा आवाजही थांबतो. म्हणून उपचार कधी संपवावयाचा, हे रुग्णाच्या नाडीवरून ठरवता येत नाही. ते रक्ताची तपासणी करूनच ठरवावे लागते.